चिंधीचं पांढरं अस्तर

५ फेब्रुवारी

धाकटे,

वर आशीर्वाद लिहायचा असतो. लिहिला नाही, कारण तू तो घेशील की नाही कोण जाणे, आणि वाया घालवण्याइतके माझ्याकडे सध्या उरलेले नाहीत. फोन तू उचलत नाहीस. नुसती रिंग जाते आणि मग ती यंत्रातली बाई सांगते की समोरची व्यक्ती उत्तर देत नाही. ते मला कळतंय, तिने कशाला जखमेवर मीठ चोळायला हवं? म्हणून कागद घेतला.

भांडायला बसलेली नाही. वाटणी झाली, दोघा भावांची तोंडं दोन दिशांना झाली, तुम्ही गाव बदललंत, विषय संपला. जिन्यात तू मला जे बोललीस तेही मी विसरले आहे. काम एवढंच आहे की आपली चिंधी आजारी आहे. दोघी गिनीपिग एकाच खोक्यातून आलेल्या, तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला. एकीला झालं ते दुसरीला व्हायला वेळ लागत नाही. म्हणून तुमच्याकडच्या गुंडीकडे लक्ष ठेव. मुतताना ओरडते का, पोक काढून बसते का, बघ. चिमणीला बघायला लावू नकोस, पोर घाबरेल. तूच बघ.

आता झालं काय ते सांगते, म्हणजे तुमच्याकडे असला तमाशा नको. मी अजून पिंजऱ्यात अस्तराचे तुकडेच घालते, दुकानात शिवलेल्या पडद्यांचे उरलेले, पांढरे. त्यावर मध्यंतरी गुलाबी डाग दिसायला लागले. मी म्हटलं, मेल्या कापडाचा रंग सुटला. डाळिंबी मखमलीचा नवा तागा आला होता आणि त्याच्याच तुकड्यांची मी तिला लपायला पिशवी शिवली होती. यांना दाखवलं. यांना तेवढंच निमित्त. तागा उचलून थेट परत पाठवला, वर निरोप, की असला कच्चा रंग आमच्या दारात आणू नका.

कापडवाला स्वतः आला. बादली मागितली, पाणी मागितलं, तुकडा भिजवून सगळ्यांसमोर पिळला. पाणी स्वच्छ. हे हटायला तयार नाहीत. म्हणाले, पाण्याने नाही सुटत, मुताने सुटतो. कापडवाला म्हणाला, ''साहेब, तुमचे गिऱ्हाईक पडद्यावर मुततात का?'' मशीनवरच्या दोघी बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मीही हसले असेन, नीटसं आठवत नाही. सध्या असंच होतं. हात चालतात, तोंड चालतं, मधलं काही चालत नाही.

नंतर पिशवी काढून टाकली. नुसतं पांढरं अस्तर घातलं. दुसऱ्या दिवशी त्यावर डाग, आणि गुलाबी नाही, लाल. मखमलीचा काही संबंधच नव्हता. रंग चिंधीतून येत होता, आणि घरातल्या दोन शहाण्या माणसांनी तेवढे दिवस कापडाला शिव्या घातल्या. तागा परत आणायला यांना जावं लागलं. काय बोलले ते मी विचारलं नाही.

— थोरली


१४ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. ठीक. मी लिहीत राहते, तू वाचत राहा. किंवा नको वाचूस.

चिंधीला डॉक्टरकडे नेलं. बाजाराच्या मागे कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे तिथे. बाकावर एक म्हातारा, त्याच्या मांडीवर पंजा टाकून बसलेला हा एवढा कुत्रा, आणि मी शिलाईच्या टोपलीत चिंधीला घेऊन. कुत्र्याने टोपलीकडे असं पाहिलं, की मी टोपली पदराखाली घेतली. डॉक्टर बघतात तर चिंधी टोपलीच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसलेली. त्यांनी तिला हातात घेतलं, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, ''काकू, खरं सांगू का? यांचं मला फारसं येत नाही.'' खरं बोलला, तेवढा त्याचा मोठेपणा. मूत्रमार्गाला सूज असेल म्हणाला. थेंब दिले, सुईविना सिरिंजने तोंडात सोडायचे.

चिंधीला औषध पाजणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही, कारण असली कामं तुझ्या चिमणीची होती. ती तिला मांडीवर टॉवेलात गुंडाळून काहीतरी पुटपुटायची आणि ही बया तोंड उघडायची. मी पुटपुटून पाहिलं. काय पुटपुटायचं ते ठाऊक नाही, म्हणून पडद्यांची मापं पुटपुटले. अर्धं औषध माझ्या बाहीवर. चार दिवस डाग गेले. मी यांना म्हटलं, सुटलो. पाचव्या दिवशी परत लाल. आणि आता ती मुतताना ओरडते. फ्रिज उघडल्यावर घालते ती शीळ नाही. बारीक, ओढलेला आवाज. मशीनवरच्या बायका पाय थांबवतात.

आणखी एक. त्या अस्तरावर वाळल्यावर पांढरी भुकटी राहते. हाताला कचकच लागते. ती मी कधीपासून पाहत होते. आमच्या घरात पांढरी भुकटी म्हणजे खडू, दुसरं काय असणार? कापडावर आखायचा खडू सगळीकडे सांडलेला असतो, भाकरीच्या पिठासारखा. झटकून टाकत होते. आता वाटतं की तो खडू नव्हता.

गुंडीच्या अस्तरावर असं काही दिसतं का, एवढं तरी सांग. माझ्याशी बोलू नकोस. तिच्याबद्दल सांग.

— थोरली


२२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड आलं. 'बाटलीतून पीत नसेल तर पसरट वाटीत पाणी ठेवा. गुंडीला डाग नाहीत. चिमणीला सांगितलेलं नाही.' उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं. असो. वाटी ठेवली. प्यायली. तुझं म्हणणं बरोबर निघालं, आणि ते मी लिहून देते आहे. जपून ठेव, पुन्हा मिळायचं नाही.

दुसरी डॉक्टर मिळाली. कापडवाल्यानेच सांगितली, विश्वास ठेव. त्याच्या मेहुणीच्या घरी ससे आहेत. ही डॉक्टरीण लहान जनावरांचंच बघते. आखूड केस, दोन्ही हातांवर ओरखडे. आम्ही दोघंही गेलो. हे 'गाडी कोण चालवणार' म्हणून आले, नाहीतर त्यांच्या मते तो उंदीर आहे आणि उंदराला दवाखाना म्हणजे शेफारून ठेवणं झालं. डॉक्टरणीने पोटाखाली दोन बोटं घातली, हळूच दाबलं, आणि चिंधी किंचाळली. यांनी टेबलाची कड धरली.

फोटो काढला, आतला. काचेवर लावला. इवलीशी हाडं, आणि खाली एक पांढरा शुभ्र ठिपका. हे पुढे होऊन म्हणाले, ''बटण गिळलंय हिने. आमच्याकडे बटणं पडलेली असतात.'' डॉक्टरीण म्हणाली, ''बटण नाही काका. खडा आहे. मूत्राच्या पिशवीत, आतच तयार झालेला. चुना साचतो.'' ती पांढरी भुकटी म्हणजे तोच चुना.

मग तिने खाणंपिणं विचारलं. पालक किती? म्हटलं, रोज. किती रोज? मूठभर. ती माझ्याकडे बघत राहिली. ''एवढा कशाला, काकू?'' काय सांगू? फ्रिज उघडला की ती शीळ घालते, आणि पूर्वी ती शीळ ऐकून चिमणी धावत यायची आणि गवत द्यायची. आता शीळ मीच ऐकते. मी काय करणार, जे हाताला लागलं ते देत गेले. दुकानदाराने चाटायला दिलेला तो पांढरा खडाही पिंजऱ्यात लटकत होता. त्यातही चुनाच, तोही काढून टाका म्हणाली. पालक बंद, सुकं गवत पोटभर, काकडी, ढोबळी मिरची, भरपूर पाणी. नुसत्या पालकानेच झालं असं नाही म्हणाली, काहींच्या अंगातच असतं. माझी समजूत काढत होती. मला समजूत नको होती, मला काही वाटतच नव्हतं. मी भिंतीवरचा पडदा बघत होते. खालची दुमड तिरकी होती.

मग विचारलंन, ''एकटीच असते का?''

मी म्हटलं, आता एकटी. हे म्हणाले, ''दोन होत्या. वाटणीत गेली एक.'' डॉक्टरणीला वाटलं यांनी थट्टा केली. हसली. मग आमची तोंडं बघून सांगायला लागली. एकटी पडली की ही जनावरं हलत नाहीत, पाणी कमी पितात, पिशवीत गाळ बसत जातो म्हणाली.

येताना गाडीत हे एकच वाक्य बोलले. ''अण्णांचा वाटणीचा नियम माणसांसाठी होता, नाही?'' मी म्हटलं, मला काय विचारता, तुमचे वडील.

गुंडीचा पालक बंद कर. आजच.

— थोरली


२६ फेब्रुवारी

धाकटे,

आज लिहायचं नव्हतं. परवा चिंधीचं ऑपरेशन आहे. खडा आपोआप पडण्यातला नाही. तसाच ठेवला तर कधीतरी वाटेत अडकेल, लघवी तुंबेल, आणि मग काही करता यायचं नाही. आणि काढायचा तर भूल द्यावी लागते. एवढ्याशा जिवाला भूल म्हणजे उठली तर उठली. दोन्हीकडून आग. हे म्हणाले, तू ठरव. आयुष्यभर सगळं स्वतः ठरवलं, आणि नेमकं हे मला दिलं.

तुला हे सगळं का कळवते आहे ते मी गेल्या पत्रात लिहिलं नाही, त्याच्या आधीच्यातही नाही. गुंडीच्या काळजीने कळवते आहे असं लिहिलं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

त्या दिवशी हॉलमध्ये वाटे पडले होते. थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याची लबाडी चालत नाही आणि धाकट्याची तक्रार. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम, आणि दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते तरी नियम पाळत होते. भांडण पेटलं ते हॉटेलचे पडदे वीतभर आखूड झाले त्यावरून, माप भावजींचं आणि कात्री यांची, चूक कुणाची ते आजवर ठरलं नाही; पण चमचे मात्र चोख वाटले. मशीनं इकडे, गिऱ्हाइकं तिकडे. ताटं निम्मी निम्मी. शेवटी हे आत गेले, दोन पिंजरे घेऊन आले आणि दोन ढिगांशेजारी एकेक ठेवला. मी वाट बघत होते की कुणीतरी म्हणेल, अरे काय करताय. तू तोंड उघडलंस आणि मिटलंस, मी पाहिलं. मीही गप्पच. भावजींनी खाली न बघता गुंडीचा पिंजरा उचलला. चिमणी दारात उभी होती. रडली नाही. न रडायला मी तिच्याकडूनच शिकले बहुतेक.

मग जिन्यात मी तुला म्हटलं, शाळेचं वर्ष संपेपर्यंत पोरीला इथे राहू दे. मी तिचं सगळं बघेन. आणि तू म्हणालीस, ''ताई, चिमणी वाट्यात नाही.''

विसरले म्हणून लिहिलं होतं. विसरेन कशी! दिवसातून किती वेळा ऐकू येतं. टाचणी लावताना, कुकर लावताना. तू खोटं काही बोलली नाहीस, म्हणून तर जास्त लागलं. तुझी मुलगी आहे. मी तिची काकू. तिला न्हाऊ-माखू मी घातलं, दात पडला तर कौलावर मी टाकला, पण त्याने काय होतं? दूध कुणी पाजलं ते विचारतात, दूध कुणी तापवलं ते कोण विचारतो.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. खरंच सांगते. तुमची गाडी गेली तेव्हा मी गॅलरीत उभी राहून वाळत घातलेले परकर काढत होते. तिच्या खोलीत आता तागे ठेवलेत. आत जाते, तागा घेते, बाहेर येते. जेवते, झोप लागते. शेजारीण म्हणाली, किती धीराची. धीर कसला, बधिरपणा आहे.

आता उरलेलं अर्धं. त्या पोरीचं या घरात राहिलेलं जिवंत असं एकच आहे, ते म्हणजे ही मुतरी चिंधी. ती परवा उठली नाही, तर चिमणीला माझ्याबद्दल विचारायला काही राहणार नाही. काकू, चिंधी कशी आहे, एवढा एक प्रश्न तरी आज ना उद्या येईल असं मी धरून बसले आहे. हे आहे. लिहून टाकलं. फाडलंस तरी चालेल.

— थोरली


१ मार्च

उठली.

टेबलावरून आणली तेव्हा फडक्यासारखी होती. डॉक्टरणीने खडा छोट्या बाटलीत घालून दिला, वाटाण्याएवढा, काटेरी. एवढं पोटात घेऊन ती शीळ घालत होती.

बाकी सवडीने. दर थोड्या वेळाने भरवायचं आहे.

— थोरली


९ मार्च

धाकटे,

चांगलं चाललंय असं म्हणायला हरकत नाही. सुरुवातीला काही खाईना. हे प्राणी खायचे थांबले की आतडी बंद पडतात म्हणे, उपास करणं यांना परवडत नाही. गवताची पूड पाण्यात कालवायची आणि सिरिंजने गालात सोडायची, हळूहळू, ठसका लागू न देता. मी भरवायची आणि हे धरायचे. हो, हेच. ज्यांचा तो उंदीर. कापताना हात थरथरला तर मखमल वाया जाते, त्या हातांनी तिला असं धरायचे की तिला कळायचंही नाही आपण धरलेलो आहोत. ''घ्या बाईसाहेब,'' म्हणायचे. ''घ्या, अजून एक घास. किती नखरे.'' मी त्यांना कुणाशी इतकं लाडाने बोलताना ऐकलेलं नाही. भावजी लहान असताना त्यांना असंच भरवायचे, असं सासूबाई सांगायच्या. मी यांना आठवण करून दिली नाही. चाललेलं चालू द्यावं.

पहिल्यांदा न ओरडता मुतली तेव्हा कात्री खाली ठेवून हे ओरडले, ''पिवळं! पिवळं आहे!'' दुकानात गिऱ्हाईक होतं, नवं लग्न झालेलं जोडपं, पडद्याचे रंग बघत होतं. त्यांना वाटलं, पिवळा घ्या म्हणतायत. घेतला बिचाऱ्यांनी.

मला आनंद झाला का? झाला असेल.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. या वेळी जरा मोठं आहे. गुंडी खाते पण भिंतीकडे तोंड करून बसते, चिमणीने हाक मारली तरी वळत नाही, असं लिहिलंस. आणि चिमणी म्हणते की चिंधी आली की ती वळेल. तिला सांगितलंस तर, चिंधी आजारी होती म्हणून. बरं केलंस. लपवून काय, पोरांना सगळं कळतं.

डॉक्टरणीला टाके दाखवायला गेलो तेव्हा मी तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोघींचं दुखणं एकच आहे, एकीचं मुतातून दिसलं आणि दुसरीचं अजून दिसलेलं नाही. खडा पुन्हा होऊ शकतो. गवत द्या, पाणी द्या, सगळं द्या, पण हिला सोबत हवी, ती असली की ही हिंडेल, हिंडली की गाळ बसणार नाही. दुसरी आणा म्हणाली. यांनी लगेच, ''आणतो की, दुकानात मिळते.''

दुसरी आणली तर इथे दोन होतील. तुमच्याकडे ती एक भिंतीकडे बघत बसेल. मग तुम्हीही दुसरी आणाल. मग इथे दोन, तिथे दोन, वाटणी अगदी पक्की, रंग न सुटणारी. नको. मला ते नको.

विचार करून कळवते.

— थोरली


१६ मार्च

धाकटे,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही ते तुला दिसतंयच. ज्यांनी आणलं ते दारात उभे असतील. हातात पिंजरा असेल. आधी त्यांना आत घे, मग उरलेलं वाच.

मी वाटे पुन्हा केले. थोरल्यांनी करायचे असतात, आणि बायकांत थोरली मी आहे. एका वाट्यात दोन गिनीपिग, दुसऱ्यात काही नाही. नियमाप्रमाणे आधी तू उचलायचास, पण तुला विचारत बसले तर तू कार्ड पाठवणार आणि त्यात पुन्हा महिना जाणार. म्हणून तुझा वाटा मीच उचलून तुझ्या दारात पाठवला आहे. तक्रार असेल तर स्वतः येऊन कर.

यांना सांगितलं तेव्हा हे बराच वेळ टेप गुंडाळत बसले. मग म्हणाले, ''आणि तू?'' म्हटलं, माझं काय, मला कुठे खडा झालाय. म्हणाले, ''पार्सलने पाठवू.'' म्हटलं, जीव पार्सलने पाठवतात का? मग आज सकाळी दाढी करून तयार. इस्त्रीचा शर्ट. भावजींशी काय बोलणार आहेत, बोलणार आहेत की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तूही विचारू नकोस. पडद्यांचा विषय कुणी काढला तर दोघांना सिरिंज धरायला लाव.

आता नीट ऐक. एकदम एका पिंजऱ्यात सोडू नकोस. बहिणी असल्या तरी इतक्या दिवसांनी भेटतात, चावाचावी करतील. डॉक्टरणीने सांगितलंय, दोघींची नसलेली अशी जागा घ्यायची, मोकळी फरशी चालेल. मध्ये गवताचा ढीग ठेवायचा आणि आपण गप्प बसायचं. एकमेकींभोवती फिरतील, दात वाजवतील. वाजवू देत. रक्त निघत नाही तोवर मध्ये पडायचं नाही.

पाणी पसरट वाटीत. वाटी तिची दिली आहे. पालक नाही, चिमणीने कितीही गळ घातली तरी नाही. अस्तर पांढरंच घाल, रंगीत घातलंस तर काही कळायचं नाही. मी तुकडे कापून, कडा दुमडून दिलेत, तिच्या पायात दोरे अडकू नयेत म्हणून. बरेच आहेत. संपले की सांग, म्हणजे आणखी शिवते. उचलताना पोटाखाली हात घालू नकोस, टाक्यांच्या जागी अजून दुखतं. छातीखाली एक आणि मागे एक. चिमणीला येतं, तिलाच विचार.

पिंजरा बांधताना मी तिला शेवटचं मांडीवर घेतलं. तिने माझ्या साडीवर मुतून घेतलं. मी साडी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. स्वच्छ होतं. आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी तशीच ओली साडी धरून खाली बसले आणि रडले. गाडी गेली तेव्हा नाही, ऑपरेशनच्या दिवशी नाही, आणि आज मुतावर रडले. हे दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. माझं पोर गेलं गं, धाकटे. माझं नव्हतं, मला माहीत आहे, वाट्यात नव्हतं. पण गेलं.

एवढंच. चिमणीला मला फोन करायला लावू नकोस, माझ्यासाठी म्हणून अजिबात नाही. तिला वाटलं तर करेल. तू मात्र एक कर. पहिले काही दिवस रोज सकाळी अस्तर बघ. लाल दिसलं तर लगेच कळव.

लाल नसलं तरी कळव.